कमळे, तुझी पत्रं परत पाठवते आहे

कमळे,

मनमाडहून फोन आला तेव्हा मी “राँग नंबर” म्हणून ठेवून दिला. हे आधी तुलाच सांगते, दुसऱ्या कुणी ऐकलं तर मला वेड्यात काढेल. पलीकडचा माणूस विचारत होता, “नलिनी मॅडम का? कमल मॅडमच्या पिशवीत तुमचा नंबर मिळाला. त्या इथं फलाटावर बाकावर बसल्या होत्या, आणि...” मी वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात राँग नंबर म्हटलं, रिसीव्हर ठेवला आणि दोडका फोडणीला टाकला. फोन पुन्हा वाजला. “मॅडम, ठेवू नका. मी स्टेशनातनंच बोलतोय. दवाखान्यात नेलं आम्ही यांना, पण डॉक्टर नाही म्हणाले. तुम्ही कोण लागता यांच्या?” आता काय सांगायचं? मैत्रीण म्हटलं तर लोक लगेच “ते ठीक, पण घरचं कुणी?” असं विचारतात. त्यानेही विचारलं.

दोडका करपला. त्या करपट वासाचं मला अजून आश्चर्य वाटतं. तू गेलीस आणि दोडका आपला नेहमीसारखा करपला.

दहावा झाला, तेरावा झाला. तुझा भाचा पुण्याहून आला, सगळं रीतसर करून, फ्लॅटची किल्ली माझ्या हातात देऊन गेला. मी मात्र अजून सकाळी दार उघडलं की वरच्या जिन्याकडे बघते, तुझ्या चपला आहेत का म्हणून. आपण दोघी नामपूरच्या. तू कांद्याची शास्त्रज्ञ झालीस, मी मराठीची मास्तरीण, आणि शेवटी नाशिकला गंगापूर रोडच्या एकाच इमारतीत खालीवर राहायला आलो. इतक्या वर्षांत तू मला न सांगता कुठे गेली नव्हतीस. आदल्या संध्याकाळी जिन्यात आपलं कडाक्याचं भांडण झालं, म्हणून सकाळी न सांगता गेलीस. निवृत्तीला दोन महिने उरलेले, दम लागतोय म्हणून महिनाभर कुरकुर चाललेली, आणि मनमाडकडच्या कुठल्याशा गावात शेतकऱ्यांनी बैठकीला बोलावलं म्हणून निघाली बाई पॅसेंजरने! मला तुझा राग आलाय, कमळे. तो तू आल्यावर काढीन असं मनात येतं, आणि मग आठवतं.

भांडण पुस्तकावरून होतं. तुझ्या निवृत्तीनिमित्त गौरवग्रंथ काढायचं संशोधन केंद्रातल्या मंडळींनी ठरवलं, तुझे जुने साहेब समितीचे अध्यक्ष झाले आणि तुझा पत्रव्यवहार निवडून त्यात घालायचं काम माझ्याकडे आलं. मी मोठ्या उत्साहाने चष्मा पुसून तुझं कपाट उघडलं. आत सगळी इंग्रजी पत्रं. परदेशातल्या विद्यापीठांची, परिषदांची आमंत्रणं, ‘आपला शोधनिबंध मिळाला, आभारी आहे’ छापाची. ज्या शेतकऱ्यांच्या पत्रांनी तुझा पोस्टमन बारा महिने वैतागलेला असायचा, त्यातलं एकही नाही.

“कुठे गेली ती?” मी विचारलं.

“परत गेली,” तू म्हणालीस. “ज्याची त्याला.”

तेव्हा मला तुझी पद्धत नीट कळली. शेतकरी पत्र पाठवायचा, सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट घालायचा, आणि तू त्याच्याच पत्रावर, समासात किंवा खाली उरलेल्या जागेत, लाल शाईने उत्तर लिहून ते पत्र परत धाडायचीस. लाल शाई ही खरं तर माझ्या धंद्यातली. मी तुला चिडवलंही, की तू शेतकऱ्यांच्या वह्या तपासतेस. तू म्हणालीस, पूर्वी वेगळ्या कार्डावर उत्तर द्यायचीस, तर गावात एकाला आलेलं कार्ड चारजण वाचायचे आणि हलक्या रानातला इलाज भारी रानात करून बसायचे. प्रश्न आणि उत्तर एकाच कागदावर राहिलं की कुणाचं औषध कुणाला लागत नाही. नक्कल ठेवायची तुला कधी सुचलंच नाही. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, आता मी निवडू काय, कपाळ?

“तेच ना,” तू हसलीस. “निवडायला आधी हातात तर असायला हवीत.”

मग तूच म्हणालीस की वर्तमानपत्रात निवेदन देऊ, लोक पाठवतील. आणि पुढचं वाक्य टाकलंस, “पहिल्या पानावर चुकीचं पत्र घालायचं.”

चुकीचं पत्र म्हणजे काय, ते मला माहीत होतं. नव्वदच्या दशकात एका वर्षी तू बागलाणात गावोगाव सांगितलंस की कांदा साठवायच्या चाळीत थर आणखी उंच केला तरी चालतो. तुझा प्रयोग तसा सांगत होता. पण तुझी प्रयोगाची चाळ नाशिकबाहेर उघड्या माळावर, वारा आरपार. आपल्याकडच्या चाळी घराच्या नाहीतर गोठ्याच्या आडोशाला बांधलेल्या. पावसाळ्यात खालचा कांदा सडला. लोकांनी तुला शिव्या घालणारी पत्रं पाठवली आणि तू त्या प्रत्येक पत्रावर लाल शाईने लिहून ते परत केलंस: चूक माझी आहे, तुमची नाही, वारा मोजायचा माझ्याकडून राहिला. साहेबांनी तेव्हा तुला समजावलं होतं, की हवामानावर ढकला, पाऊस जास्त झाला म्हणा. तू ऐकलं नाहीस. नामपूरची पोरगी आणि नामपूरचा वारा विसरली, याचीच तुला लाज वाटत होती.

मी म्हटलं, “अगं, गौरवग्रंथ आहे हा. पहिल्याच पानावर चूक? लोक तेवढीच वाचतील आणि तेवढीच लक्षात ठेवतील. माणसं चांगलं विसरतात, कमळे.”

“तुले काय समजस कांदामा?” तू अहिराणीवर उतरलीस, म्हणजे चिडली होतीस. “ते पत्र नसेल तर पुस्तकच नको.”

“मग नको!” मी जिन्यातच ओरडले.

“उद्या बोलू,” म्हणून तू वर गेलीस.

मी तुझी बाजू घेत होते गं. तुझ्याविरुद्ध तुझीच बाजू.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी छापखान्यातल्या माणसाचा फोन आला. मुखपृष्ठावरचा ‘गौरवग्रंथ’ काढून ‘स्मृतिग्रंथ’ टाकायचं ना, आकार तोच राहील ना, असं तो विचारत होता. अतिशय सभ्यपणे विचारत होता. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. समितीची बैठक झाली, त्यात साहेब डोळे पुसत म्हणाले, “ते सडक्या कांद्याचं प्रकरण आता नकोच, नलिनीताई. गेलेल्या माणसाचं चांगलं तेवढं सांगावं. नाहीतर लोक तेवढंच लक्षात ठेवतात.” माझंच वाक्य, जवळपास शब्दशः. त्यांच्या तोंडून ते इतकं कोतं वाटलं की मी चहा तसाच ठेवून उठले. तुझ्या बाजूने बोलायलाही मला जमलं नाही, कारण बोलणार काय?

निवेदन मात्र छापून आलं. साहेबांनी भारदस्त भाषेत लिहिलं होतं, आणि शेवटी ‘पत्रे पुढील पत्त्यावर पाठवावीत’ म्हणून तुझा पत्ता. आठवड्यात पाकिटं यायला लागली. पोस्टमन वर न चढता माझ्याकडेच गठ्ठा देऊन जायचा आणि माझ्याकडे बघायचा नाही. पहिलं पाकीट मी कात्रीने नीट कापून उघडलं. आत तुझ्या लाल अक्षरातलं जुनं पत्र होतं, आणि त्यासोबत तिकीट लावलेलं, पत्ता लिहिलेलं परतीचं पाकीट. मी पत्र उलटलं. मागे ताज्या निळ्या शाईत लिहिलं होतं: ‘आदरणीय कमलताई, आपली प्रकृती बरी असेल. पत्रे मागवल्याचे कळले. सोबत पाठवत आहे. यंदा रोपं पिवळी पडत आहेत, काय करावे?’

दुसरं उघडलं, तेही तसंच. तिसऱ्यात तर मुलीच्या लग्नाची तारीख कळवून तुला आग्रहाचं आमंत्रण होतं. मग लक्षात आलं. निवेदन वाचलं एखाद्याने, आणि बाकीच्यांना कळलं ते फक्त ‘ताईंनी पत्रं मागवलीत’ एवढंच. तुझ्या पत्त्यावर पत्र पाठवलं की ते उत्तरासकट परत येतं, ही त्या लोकांची इतक्या वर्षांची सवय. पत्र स्मृतिग्रंथासाठी मागवतात, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. उरलेल्या कोऱ्या जागेत त्यांनी पुढचा प्रश्न लिहिला आणि पाठवून दिलं. मी तुझ्या टेबलापाशी बसले होते, आणि तू बऱ्या तब्येतीची असशील अशी आशा करणारी माणसं पाकिटापाकिटातून बाहेर येत होती. मी मोठ्याने “राँग नंबर” म्हटलं. खरंच म्हटलं.

रोपांचं मला काय कळतंय? तुझ्या हाताखालची वैशाली रोज केंद्रातून सुटली की यायची, उत्तरं सांगायची, मी लिहायची. तुझीच पद्धत ठेवली. मनमाडहून आलेल्या तुझ्या कापडी पिशवीत तुझं लाल पेन होतं, तेच घेतलं. निवडीत घेण्याजोगी पत्रं कोपऱ्यावरच्या दुकानातून झेरॉक्स करून ठेवली. बाकीची तशीच परत केली. आणि लोकांना फसवायचं नाही म्हणून प्रत्येक उत्तराखाली, तुझ्याच रांगेत, तुझ्याच शाईने लिहिलं: कळवण्यास दुःख होते की कमलताई गेल्या. प्रश्न आणि उत्तर एकाच कागदावर. मला वाटलं, किती नेकीने काम करतेय मी.

पुढच्या आठवड्यात, उत्तराखाली मी घातलेल्या नंबरावर कळवणकडून मंदाबाई नावाच्या एका बाईंचा फोन आला. एसटीडी बूथवरून, मागे एसटीचा हॉर्न वाजत होता.

“ताई, तुमचा कागद आला. आमच्या मालकांनी वाचला अन् फाडला.”

“फाडला?”

“मग? मयताचा कागद घरात कसा ठेवायचा? वाचायचा अन् फाडायचा, तशी रीतच हाय ना. बांधावर टाकला अन् आंघोळ केली. मी पन केली.” मग त्या म्हणाल्या, “लय येळानं माझ्या ध्यानात आलं, ताई. वरती कमलताईंचं अक्षर व्हतं. मी पळत गेले. तुकडे गोळा केलेत समदे. पन पाऊस पडून गेल्ता. निळं तेवढं दिसतंय, लाल गेलं. तुमच्याकडं दुसरी प्रत आसंल ना? मला तेवढी द्या.”

कमळे, मी मराठीची बाई. आपल्या आळीत मयताचं कार्ड यायचं तेव्हा माझ्याच आईने ते उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचलेलं आणि तिथेच फाडलेलं मी बघितलंय. कोपरा काळा केलेलं कार्ड असेल तर घरात आणूही द्यायची नाही. हे सगळं मला माहीत असताना मी तुझ्या अक्षराखाली तुझ्या मरणाची बातमी लिहिली आणि पोस्टात टाकली. पहिल्या गठ्ठ्यातल्या सगळ्यांना. तुझा पत्रव्यवहार गोळा करायला बसलेली संपादक मी, आणि गावोगाव घराघरांत तो फाडून टाकायची व्यवस्था करून मोकळी झाले.

मंदाबाईंच्या पत्राची झेरॉक्स माझ्याकडे नव्हती. ते मी निवडलं नव्हतं. त्यात विशेष काही नाही, असं माझं मत पडलं होतं. आता कितीही डोकं खाजवलं तरी तू त्यांना काय लिहिलं होतंस ते मला आठवत नाही. कांदा काढायच्या आधी पाणी कधी तोडायचं, असलं काहीतरी असेल. “नाही हो मंदाबाई,” एवढंच मी म्हणू शकले. त्या म्हणाल्या, “आसूंद्या,” आणि मलाच धीर दिला. फोन ठेवल्यावर मी पहिल्यांदा रडले. फलाटावरच्या बाकासाठी रडले नव्हते, ती एका पाणी तोडायच्या पत्रासाठी रडले. वैशाली पाणी घेऊन उभी राहिली होती. तिला वाटलं, तू गेलीस हे मॅडमना आत्ता कुठे कळलं. तसंच होतं ते.

त्याच आठवड्यात नामपूरचं पाकीट आलं. रामदास आप्पांचं. आठवतात ना, बाजारसमितीच्या मागे घर, बोलायला फटकळ माणूस. त्यांनी ‘त्या’ वर्षीचं पत्र पाठवलं होतं. वरती त्यांची शिवी, अगदी शुद्ध आणि ठळक: ‘शिकलेल्या बाईचे ऐकून घात झाला, आता येऊन नाकाला पदर लावून उभ्या राहा.’ त्याखाली तुझी लाल शाई. ‘आप्पा, चूक माझी आहे, तुमची नाही. नामपूरची असून वारा मोजायचा माझ्याकडून राहिला. येते आणि उभी राहते.’ तू तिथे गेली होतीस, हे मला ठाऊक नव्हतं. वास येणाऱ्या त्या चाळीत तू खरंच जाऊन उभी राहिली असणार.

घडीवर कागद विरून जाळी झाली होती, मागून पट्टी चिकटवली होती, आणि एका कोपऱ्याला खिळ्याचं भोक होतं. म्हणजे हे पत्र त्यांनी चाळीच्या दारावर ठोकून ठेवलं असणार. आणि तळाशी, उरलेल्या दोन बोटांच्या जागेत, नव्या शाईत:

‘ताई, नवी चाळ बांधली. उघड्यावर, तुम्ही उभ्या राहून दाखवली त्या जागी. आता थर वाढवू का? वारा मोजायला तुम्हीच या. दुसऱ्या कोणाचं मी ऐकणार नाही.’

ज्याचा कांदा तुझ्या शब्दावर सडला, तो माणूस तोच प्रश्न पुन्हा तुलाच विचारतोय, आणि तोही तुझ्या कबुलीच्या खाली लिहून. मला वाटत होतं, लोक तुझी चूक लक्षात ठेवतील. ठेवली की. दारावर खिळ्याने ठोकून ठेवली.

तू जिंकलीस, कमळे. जिना चढून वर यावं आणि तुझ्या दारात उभं राहून म्हणावं, की घे बाई, घालते पहिल्या पानावर. पण आता माझा हा पराभव बघायलाही तू नाहीस. इतकं भांडून हरायचं आणि समोर कुणी हसायलाही नाही, याचं काय करायचं असतं?

साहेबांना ते पत्र नेऊन दाखवलं. त्यांनी शिवी वाचली, तुझं उत्तर वाचलं, खालच्या दोन ओळी दोनदा वाचल्या. “मी तिला पावसावर ढकल म्हणालो होतो,” ते म्हणाले. मग छापखान्याला स्वतः फोन लावला. पहिलं पान तेच. शिवीसकट.

झेरॉक्स काढून घेतली आणि पत्र वैशालीपुढे ठेवलं. ती म्हणाली, “मॅडम, याचं उत्तर इथं बसून नाही देता येणार. जावं लागेल.” मी तिच्या हातात तुझं लाल पेन दिलं. तिने कागद फिरवून फिरवून जागा शोधली आणि पार कडेला उभ्या ओळीत लिहिलं: ‘आप्पा, वारा मोजायला मी येते. ताईंनी शिकवलं तसाच मोजीन. वैशाली.’ तुझ्या अक्षराखाली मी एक शब्दही लिहिला नाही. त्याऐवजी कोरं पोस्टकार्ड घेतलं. तुझा नियम मोडला मी, उत्तर दोन कागदांवर गेलं. मयताचं कार्ड, म्हणून वर श्री घातला नाही. लिहिलं: ‘आप्पा, कमल गेली. मनमाड स्टेशनवर, तुमच्यासारख्यांच्याच कामाला निघाली असताना. हे कार्ड वाचून फाडावे. सोबतचे पत्र तिच्या हातचे आहे, ते फाडू नये.’ दोन्ही एकाच पाकिटात घातली. आता राहिलेल्या सगळ्यांना असंच पाठवते आहे. मंदाबाईंनाही लिहिलं, की तुमचे तुकडे तसेच मला द्या. लाल नसलं तरी चालेल. पुस्तकात त्यांनाही एक पान ठेवलंय, निळ्या ओळी आणि मधली कोरी जागा.

एक गोष्ट मात्र राहिली. लोक कार्ड वाचतात, फाडतात, डोक्यावरून पाणी घेतात आणि मग रडायला मोकळे होतात. माझ्याकडे तुझी बातमी फोनवरून आली. फाडायला कागदच नव्हता. म्हणून ती घरातून जात नाहीये, कधी फोनपाशी असते, कधी दोडक्याच्या कढईत.

आज सकाळी एक कार्ड जास्तीचं लिहिलं. ‘नले, कमळी गेली. वाचून फाडावे.’ पत्ता माझाच. गंगापूर रोडच्या पेटीत टाकताना दोनदा हात मागे घेतला, पण टाकलं. आता पोस्टमन ते आणून देईल. इतके दिवस माझ्याकडे न बघता जातो, त्या दिवशी बघेल.

उंबऱ्याबाहेर जाऊन वाचीन. फाडीन. आंघोळ करीन. पण कार्ड यायला अजून दोन दिवस तरी लागतील, तोवर मला कुणी काही सांगू नये.

तुझी,
नली